एकशे पाच डिग्री

आमच्या लॅबमध्ये माती येते ती रस्त्याखालची, टॉवरखालची, पाइपलाइनखालची. कतारची माती म्हणजे वाळू, चुनखडी आणि मीठ. वजन करा, वाळवा, पुन्हा वजन करा, रिपोर्ट द्या. लॅबची इन्चार्ज म्हणून अकरा वर्षं मी हेच करतेय आणि खरं सांगायचं तर पार विटून गेलेय.

म्हणून नॉर्वेच्या उत्तर टोकाकडून पर्माफ्रॉस्टचे, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीचे, नमुने येणार म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं होतं. तिथल्या दलदलीतलं शेवाळ हजारो वर्षं न कुजता जमिनीत गोठून राहिलंय. ते हळूहळू वितळताना किती वायू सुटतो, हे आमच्या नव्या मशीनवर मोजायचं होतं. तिथल्या लोकांनी दोन हिवाळे खपून सहा नळ्या भरल्या होत्या. नमुने सोमवारी येणार होते. आले चार दिवस आधी, गुरुवारी दुपारी, मी डोकं दुखतंय म्हणून अल अझीझियाला घरी निघून गेल्यावर.

खोकं घेतलं जहूरने. जहूर रत्नागिरीचा, माझ्याहून जुना टेक्निशियन, सांगितलेल्या कामात कधी चुकारपणा न करणारा. त्याने बर्फ काढून टाकला, नळ्या रिकाम्या करून माती ट्रेमध्ये पसरली आणि प्रत्येक मातीचं करतो तेच केलं. ओव्हन, एकशे पाच डिग्री, चोवीस तास. शुक्रवार-शनिवार सुट्टीचे. रविवारी सकाळी मी ओव्हन उघडला तेव्हा आत वाळलेल्या चोथ्यासारखा तपकिरी भुगा होता.

मी त्याला वाट्टेल ते बोलले. खोक्यावर गोठलेलं ठेवा असं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ते दिसलं नाही का, असंही विचारलं. दिसलं होतं, म्हणाला. पण मासळीच्या खोक्यातला बर्फही वाटेपुरताच असतो, घरी पोचल्यावर तो फेकायचाच, तसंच हेही असेल असं त्याला वाटलं. कपाळ माझं.

जनरल मॅनेजरना चार वाजेपर्यंत लेखी हवं होतं, चूक कोणाची. ज्याचं नाव असेल त्याचं कॉन्ट्रॅक्ट खलास, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. जहूरची हनिया इथल्याच शाळेत बारावीला आहे. बापाची नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि परीक्षेच्या तोंडावर पोरीला उचलून गावी न्यायचं. माझं तसं नव्हतं. माझा नवरा विजय इथे गॅस कंपनीत आहे, माझी नोकरी गेली तरी आम्हाला कोणी हाकलणार नव्हतं. हे सगळं ठाऊक असून मी 'टेक्निशियनची चूक' असं टाइप केलं आणि कागद सहीसाठी त्याच्यापुढे ठेवला.

त्याने वाचलाही नाही. पेन शोधायला लागला. माझा राग अजून धुमसत होताच.

"एक फोन करता आला नाही तुला?"

"लावला होता, मॅडम. एक रिंग गेली असेल, मग कापला." तो खाली बघूनच बोलत होता. "तुम्ही दमून गेलेल्या. आणि मागे विचारलं तेव्हा म्हणाला होतात, जहूर, वीस वर्षं झाली तुला, अजून किती विचारशील?"

म्हणाले होते. एकदा नाही, दर आठवड्याला म्हणायचे. आणि नॉर्वेचे नमुने येणार आहेत, ते वेगळे आहेत, हे त्याला आधी सांगायचं मीच राहू दिलं होतं. विसरले नव्हते, कंटाळा केला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी कागद त्याच्या हातातून ओढूनच घेतला.

नवा कागद चार ओळींचा झाला. नमुन्यांबद्दल मी लॅबमध्ये कोणाला कळवलं नाही, आणि काही न विचारता वाळवायला घालायची सवय मीच लावली. मॅनेजरनी दोनदा वाचलं. विचार करून सही केलीय ना, म्हणाले. हो म्हटलं. त्यांनी मला दोन महिन्यांची नोटीस दिली. जहूरचं नाव निघालं नाही.

बाहेर येऊन मी त्याला सांगितलं. तुझं राहिलं, माझं गेलं, आता हनियाला निवांत अभ्यास करू दे. वाटलं होतं, आभाराचं एक शुक्रन तरी म्हणेल. तो ट्रे पुसत होता, पुसतच राहिला.

"मग आता विचारायचं कोणाला, मॅडम?"