जंत नसलेले ससे

कुणीतरी हौसेने परदेशातून आणलेले ससे रानात सुटले आणि शेतं फस्त करू लागले. तेव्हा त्यांच्याच पोटातले जंत वाढवून त्यांच्यावर सोडायचे, अशी योजना निघाली. प्रयोगशाळा उभी राहिली. साहेब आले, साहेबांचे मेहुणे आले. जंत तेवढे आले नाहीत.

आतडी चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे मावशींचं काम. दोन वर्षांत चारशे ससे झाले. वहीत प्रत्येकापुढे 'काही नाही'.

"रानातल्या सशाला जंत नाहीत, असं कुठं असतं का?" साहेब म्हणाले. "मावशी, नजर गेली तुमची. सोमवारी समिती येतेय. ती गेली की टेबल दुसऱ्याला देऊ. तुम्ही बाटल्या धुवा."

"बरं," म्हणून मावशी सरळ फाटकापाशी गेल्या. तिथे मेहुणे एका सशाला मांडीवर घेऊन पिचकारीने काहीतरी पाजत होते.

"काय पाजताय, भाऊ?"

"जंताचं औषध. आत येणाऱ्या प्रत्येक जनावराला. परिपत्रक आहे, खाली दाजींची सही आहे."

"आणि आठ दिवसांनी मी त्याच्याच पोटात जंत शोधते."

"ते तुमचं खातं, मावशी."

सोमवारी मावशींनी सापळेवाल्याकडून नुकताच मेलेला ससा परस्पर घेतला, पिशवीत घालून मागच्या दाराने आणला आणि समितीसमोर चिरला. एकशे बारा जंत निघाले. त्यांनी ते मोजून बरणीत घातले.

साहेबांचा चेहरा उजळला. "बघा, म्हणजे जंत आहेत!"

"ससा रोडावलेला होता का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही हो, चांगला गुटगुटीत," मावशी म्हणाल्या. "पोटभर खाऊन आला होता."

अध्यक्षांनी बरणी उजेडात धरली. "ते राहू द्या. औषध न घेता हा आत आलाच कसा?"

मेहुण्यांनी पुढे होऊन नियमाप्रमाणे बरणीत दोन चमचे औषध ओतलं.

संध्याकाळी नोटीस आली. फाटक चुकवून जंत आत आणल्याबद्दल मावशींना सक्त ताकीद. मात्र त्यांची दृष्टी उत्तम असल्याचं समितीने प्रत्यक्ष पाहिलं असल्याने टेबल त्यांच्याकडेच राहील. योजनेला दोन वर्षं मुदतवाढ.

मावशींनी ती उभ्याउभ्याच वाचली, तळाच्या बारीक अक्षरांसकट. मग साहेबांकडे पेन मागितलं आणि नोटिशीत दिलेल्या परिपत्रकाच्या क्रमांकातला एक चुकलेला आकडा दुरुस्त करून दिला.