सातव्या भेटीची नोंद

त्या मंगळवारी सकाळी शांतव्वा उंबऱ्यात येऊन बसली, ब्लाउजची बाही वर सारली आणि डावा हात पुढं करून म्हणाली, "हं. बघ माझं बीपी, आणि मग जा."

तिच्या लेकीनं, विद्याश्रीनं, एक चप्पल घातली होती, दुसरी कुत्र्यानं कुठं ओढून नेली होती ते ती शोधत होती. सातची के.एम.टी. बस चुकली की गडमुडशिंगीतून पुढची गाडी मिळून कॉलेजचा पहिला तास हाती लागत नसे.

"अव्वा, संध्याकाळी मोजते."

"संध्याकाळी तू येणार नऊला. तवर मी घोरत असते."

"मग उद्या."

"बघ बाई. तुझ्या वहीत आजचा वार हाय म्हणून म्हणलं. माझं काय अडलंय?" तिनं बाही खाली केली आणि गोठ्याकडं तोंड करून म्हणाली, "आले, आले." म्हशीनं काही हाक मारली नव्हती.

वैरण टाकत असलेले अप्पा म्हणाले, "अर्ध्या नर्सची एवढी गडबड. पूर्ण झाल्यावर तर पावण्यागत येशील घरी."

अर्धी नर्स हा अप्पांचाच शब्द. विद्याश्री ए.एन.एम., म्हणजे मदतनीस नर्स, होऊन चार वर्षं झाली होती. कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात ती सुया द्यायची, सलाईन लावायची, पट्ट्या बदलायची, पण वॉर्डची जबाबदारी आणि शेवटची सही स्टाफ सिस्टरची. ती सही आपली व्हावी म्हणून आता जी.एन.एम., म्हणजे पूर्ण नर्सचा कोर्स, सुरू होता. सकाळी कॉलेज, दुपारी दोन ते आठ ड्यूटी, आणि अभ्यास बसमध्ये.

दुसऱ्या वर्षाला प्रत्येकीनं एक कुटुंब निवडायचं, दहा आठवडे त्या घरी जायचं आणि प्रत्येक भेटीची नोंद फॅमिली फोल्डरमध्ये करायची, असा नियम होता. दुसऱ्याच्या घरी जायला विद्याश्रीला वेळच नव्हता. कॉलेजच्या संयोगिता मॅडमनी स्वतःचं घर घ्यायला परवानगी दिली. शांतव्वाला तीन वर्षांपासून बीपीची गोळी होती. आपण वहीत आहोत हे तिला भारी आवडलं होतं. मंगळवारी ती धार काढून झाली की लुगडं बदलायची.

"मोजला नाही तो आकडा लिहायचा नाही," मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. "चुकलं तर एक रेघ मारा, सही करा, खाली खरं लिहा. व्हाइटनर दिसला तर फोल्डर परत."

बस उचगावच्या अलीकडं आली तेव्हा विद्याश्रीनं फोल्डर मांडीवर घेतला. सातवी भेट. मागच्या आठवड्यात एकशे तीस, चौऱ्याऐंशी होतं. तिनं एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी लिहिलं. जरा बदल असला म्हणजे खरं वाटतं. नाडी अठ्ठ्याहत्तर. मग औषधांच्या मात्रांचं पान उघडलं आणि पाठ करत बसली.

बुधवारी पहाटे शांतव्वा गोठ्यात पडली. धारेची चरवी कलंडून दूध शेणात गेलं होतं.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं बीपी कधी बघितलं होतं?"

अप्पांनी लेकीकडं बघितलं.

"काल सकाळी," विद्याश्री म्हणाली. "एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी." वॉर्डात राउंडला सांगते तशा आवाजात ती बोलली, आणि डॉक्टरांनी तो आकडा केसपेपरवर लिहून घेतला.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. गुरुवारी दुपारी शांतव्वा गेली.

पुढं सहा आठवडे माणसं येत राहिली. जो येईल त्याला अप्पा एकच सांगायचे. "पोरगीनं आदल्या दिवशीच मोजलं हुतं. नार्मल हुतं. घरात नर्स हाय, तिच्याकडनं काय कमी पडलं न्हाय. यायचं ते आलं." एवढं बोलून झालं की त्यांचा आवाज जरा सावरायचा, आणि ते समोरच्याला चहा घ्यायचा आग्रह करायचे. विद्याश्री आत चहा गाळत उभी असायची. खरं सांगावं तर अप्पांचा हा एवढाच आधार काढून घ्यायचा. नाही सांगावं तर जन्मभर तो ऐकत राहायचं. आणि मोजलं असतं तर आकडा किती निघाला असता? दोनशे? त्याच दिवशी दवाखान्यात नेता आली असती? हे तिला कुणाला विचारता येत नव्हतं, कारण विचारायचं तर आधी कबूल करायला हवं होतं.

दवाखान्यात तिला वेगळंच वेड लागलं. एकेका पेशंटचं बीपी ती दोनदा मोजायची, टेबलापर्यंत जाऊन परत यायची. सहा नंबरच्या कॉटवरचे सयाजी आजोबा एकदा म्हणाले, "सिस्टर, आत्ताच मोजलं की. आकडा पळून जातोय व्हय?" सगळा वॉर्ड हसला. तीही हसली, आणि तिसऱ्यांदा मोजून गेली.

फोल्डर सोमवारी द्यायचा होता. मॅडमनी सात भेटींवर भागवून घेते म्हणून सांगितलं होतं. रविवारी दुपारी ती फोल्डर उघडून आतल्या खोलीत बसली होती. बाहेर सोप्यात कुरुंदवाडहून आलेला बाळासोमामा, शांतव्वाचा धाकटा भाऊ, अप्पांजवळ बसला होता. तेवढ्यात मागच्या दारानं आक्का आली. आक्का म्हणजे दूध संस्थेत माप घेणारी बाई. गल्लीतल्या सगळ्यांची आक्का.

"हे तुझ्या अव्वाचं दुधाचं कार्ड," ती म्हणाली. "तवापासून आमच्यातच पडलंय. आज फळी पुसायला घेतली, तर आत ही चिठ्ठी."

मोठ्या कागदातून फाडलेली, चार बोटं रुंद चिठ्ठी होती. निळ्या शाईत, सरळ अक्षरात: शांतव्वा. मंगळवार, संध्याकाळ. बीपी १३४/८४. नाडी ८०. खाली कुणाची तरी सही.

"हे काय?"

"ती पडली त्याच्या आदल्या सांजला संस्थेत तपासणीचं शिबिर हुतं की. बायका नको नको म्हणत हुत्या, आणि ही सगळ्यांच्या म्होरं जाऊन बसली. त्या सिस्टरला म्हणती कशी, माझ्या पोरीच्या वहीत आजचा आकडा राहिलाय, तेवढा नीट अक्षरात लिहून द्या. ती बिचारी म्हणली, मावशी, इथं कार्ड देत न्हाईत. तर ही उठंना. मागं रांग लागलेली. शेवटी तिनं कागद फाडून लिहून दिला, तवा उठली." आक्कानं पदरानं नाक पुसलं. "कार्डात घालून संस्थेतच ठेवली. म्हणली, सकाळी दूध घालायला आले की नेते."

विद्याश्रीनं चिठ्ठी पुन्हा वाचली. मग तिथंच खाली बसली. संध्याकाळचा आकडा पहाटेची हमी देत नाही, हे तिला पुस्तकातून पाठ होतं. पण सकाळी मोजलं असतं तर साधारण असंच काहीतरी निघालं असतं. ती म्हणाली असती, ठीक हाय अव्वा, आणि बस पकडली असती. हाच मंगळवार झाला असता, हाच बुधवार. सहा आठवडे छातीवर ठेवलेला दगड कुणी हळूच उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. ती पोटभर रडली, आवाज न करता, आक्काच्या गुडघ्याला डोकं लावून. रडून झाल्यावर तिला भूक लागली. कडकडून लागली. आक्कानं शिंक्यातली सकाळची भाकरी काढून दिली, चटणीवर तेल घातलं, आणि ती दोन भाकऱ्या खाईस्तोवर समोर बसून राहिली.

"एवढ्याशा चिठ्ठीनं एवढं काय झालं गं?" आक्कानं विचारलं.

"सांगते. आधी अप्पांना सांगते."

आक्का गेल्यावर तिनं हात धुतले. सातव्या भेटीच्या ओळीवर पट्टी ठेवून एक रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख घातली. खाली लिहिलं: सकाळी मोजले नाही. संध्याकाळी, दूध संस्था शिबिर, १३४/८४, नाडी ८०. चिठ्ठी डिंकानं चिकटवली. सोमवारी मॅडम काय म्हणतील ते म्हणोत. राहिलेली भेट अव्वानंच पूर्ण करून ठेवली होती, आता खोट्याचं काही काम उरलं नव्हतं.

बाहेर अप्पांचा आवाज येत होता. "पोरगीनं आदल्या दिवशीच मोजलं हुतं, बाळासो. नार्मल—"

ती फोल्डर घेऊन सोप्यात आली आणि अप्पांच्या समोर जमिनीवर बसली. दोघंही तिच्याकडं बघायला लागले.

"अप्पा, मी मोजलं न्हवतं," ती म्हणाली. "अव्वानं हात पुढं केलता. मी म्हणाले संध्याकाळी मोजते, आणि बसमध्ये खोटा आकडा लिवला. डॉक्टरलाबी तोच सांगितला. खरा हा बघा, हितं हाय. हा तिनं स्वतः जाऊन आणलाय, माझ्यासाठी."