तळहातांवरचे ताम्रडाग

माघातली मध्यान्ह. वरूडच्या शिवारावर कोमट, कांचनवर्णी, कुसुमगंधी ऊन सांडलेले. संत्र्याच्या झाडाझाडांवर शुभ्र बहर उमललेला, आणि त्या शुभ्रतेत मधमाश्यांचा मंद, मंद्र, अखंड गुंजारव.

त्या गंधभारल्या वाटेने वृंदा चालली होती. पावलांत मात्र शिसे भरले होते.

शाळेत मुलांना चित्रकला शिकवणारी ती. तिथल्याच रक्तदान शिबिरात तिने हसतहसत रक्त दिले, आणि पुढच्याच आठवड्यात रक्तपेढीतून बोलावणे आले. त्या रक्तात सिफिलिस निघाला होता.

"इंजेक्शनांनी पूर्ण बरा होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ज्यांच्याशी संबंध आला, त्यांना सांगा. त्यांचीही तपासणी व्हायला हवी."

सांगा! केवढा इवलासा शब्द, आणि केवढा दुर्लंघ्य पर्वत!

सकाळी तिने घटस्फोट झालेल्या नवऱ्याला फोन केला. त्याने शिवी हासडून तो बंद केला. आता उरला होता प्रफुल्ल. या बागेचा धनी. चैत्रात ज्याच्याशी लग्न ठरले होते, तो. ज्याच्या स्नेहार्द्र सहवासात तिच्या पोळलेल्या आयुष्याला पुन्हा पालवी फुटली होती, तो.

तो बांधावर बसला होता. पाठमोरा, मिटलेला, हात खिशात खुपसून. हल्ली असाच असायचा. कितीतरी दिवसांत त्याने तिचा हात हाती घेतला नव्हता. प्रेम ओसरले, असेच तिला वाटू लागले होते.

ती बोलली. एका श्वासात, डोळे मिटून, सारे बोलली. "कुणाकडून कुणाला लागला, कोण जाणे. दोष द्यायला मी आले नाही, प्रफुल्ल. तुला कळावं, एवढंच."

 

प्रफुल्लने खिशातून हात काढले आणि तिच्यापुढे उघडले. तळहातांवर ताम्रवर्णी डाग. न दुखणारे, न खाजणारे, मुके.

"हे त्याचंच असंल काय?"

"असेल. असे डाग कुणाला आलेत का, हे डॉक्टरीणबाईंनी विचारलंच होतं."

"अन् हे बरं होते?"

"पूर्ण."

तो हसला. हसता हसता त्याला रडू फुटले. "मले वाटलं, महारोग झाला. तुले सोडून कुठं निघून जावं, हाच विचार करत बसलो होतो."

दाटलेले आभाळ न बरसताच निवळावे, तसे तिच्या आत काहीतरी निवळत गेले.

"तुह्या आधी अमरावतीले एकीशी संबंध होता," तो खाली मान घालून म्हणाला. "जयश्री. तिलेही सांगा लागंन."

"सांग. मी बसते इथे."

त्याने फोन लावला. बोलता बोलता अडखळला, तेव्हा वृंदाने त्या डागाळल्या हातावर आपला हात ठेवला.  पलीकडून एक थकलेला, पण मऊ स्वर: "बरं केलंस सांगितलंस. उद्याच जाते दवाखान्यात."

दुसऱ्या दिवशी दोघांनीही कमरेत इंजेक्शन घेतले. त्या जालीम सुईनंतर मोटरसायकलवर बसणे कुणालाच जमेना! मग ती हाताने ढकलत दोघे पायीच निघाले. उतरत्या उन्हात रस्त्यावर दोन लांब, लंगड्या सावल्या. एक डावीकडे कलणारी, एक उजवीकडे. कलता कलता एकमेकींना टेकणारी, टेकता टेकता हसणारी, आणि हळूहळू, हळूहळू, घराकडे जाणारी.