लाल कुरण

चंद्रभागाने ग्रामसभेतल्या टेबलावरच्या फोटोवर एकच नजर टाकली आणि पदर तोंडाला लावला. तिचं कुरण लालभडक होतं.

कुरण तसं गावाचं, चांदवडजवळच्या डोंगरउतारावरचं. पण दोन वर्षं तिथे एकही जनावर जाऊ द्यायचं नाही हा हट्ट तिचा, आणि त्यापायी तिने गावाशी वाकडं घेतलं होतं. कुरण एवढं मोठं, की जो तो आपल्या सोयीचा कोपरा बघून भांडायचा. शेवटी ठरलं, उपग्रहाच्या फोटोत गवत सुधारलेलं दिसलं तर बंदी चालू, नाहीतर आजच कुरण मोकळं.

"जळालं की समदं!" शेळ्यावाला केरू उठलाच. "सोडा आता जनावरं."

फोटो घेऊन नाशिकहून आलेल्या प्रतिभा मॅडम काही बोलणार, तोच मागून सावळीराम उभा राहिला. चंद्रभागाचा हा नवरा ग्रामसभेत कधी तोंड उघडत नसे.

"तिला काय बोलू नका. आमची गाय मीच सोडली व्हती आत. लय नाय, चार-पाच येळा. वरून दिसंल असं वाटलं नव्हतं."

चंद्रभागा गर्रकन मागे वळली.

"अहो बाबा, यात गाय दिसत नाही," मॅडम हसू दाबत म्हणाल्या. "आणि लाल म्हणजे जळालेलं नव्हे. गवतावरून येणारा, आपल्याला न दिसणारा उजेड हा कॅमेरा पकडतो. तो आम्ही लाल रंगात दाखवतो. गवत जेवढं जोमदार, तेवढं लाल. हा बघा दोन वर्षांपूर्वीचा."

जुन्या फोटोत कुरण राखाडी होतं, खरूज झालेल्या कुत्र्यासारखं.

"सुटले गं बाई!" चंद्रभागा मोठ्याने म्हणाली आणि रडायलाच लागली. केरूसकट सगळे हसले. बंदी कायम राहिली.

"पण वहिनी," केरूने आठवण करून दिली, "जनावर सोडणाऱ्यानं महिनाभर राखण करायची. नियम तुमचाच हाय."

चंद्रभागाने डोळे पुसले. कोपऱ्यातली राखणीची काठी उचलून तिने नवऱ्याच्या हातात दिली.

"गप बसलो असतो तर कुनाला कळलंबी नसतं," सावळीराम पुटपुटला.

"व्हय," ती हळूच म्हणाली. "जावा आता. दुपारची भाकर घिऊन येते मी. दोघांची."