फोन कोणी करायचा

दोनच शेजारी देशांकडे अणुबॉम्ब होते, तोवर दुभाष्याचं काम सोपं होतं. एक आठवडा आपण रोज सकाळी फोन करायचा, पुढच्या आठवड्यात त्यांनी. लाईन चालू आहे एवढी खात्री करायची, हवापाणी विचारायचं आणि चहाला लागायचं. नुकताच तिसऱ्या शेजाऱ्यानेही बॉम्ब केला. मग त्यालाही लाईनवर घेतलं आणि पाळ्या नव्याने लावल्या.

आजपासून पाळी पलीकडच्यांची होती आणि फोन काही वाजत नव्हता.

साहेब तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघत म्हणाले, "दहापर्यंत थांबू. नाहीतर वर कळवावं लागेल."

वर कळवलं की क्षेपणास्त्रं कोठारांतून बाहेर निघणार. ती दिसली की पलीकडचेही आपली काढणार. मग तिसरा काय हाताची घडी घालून बसेल? दुभाष्याने फोन जवळ ओढला.

"साहेब, आपणच लावू या का?"

"पाळी नसताना? घाबरले म्हणतील!"

"म्हणू देत की."

"तुमचं काय जातंय? नाक माझं कापलं जाईल."

"मग मी माझ्या जबाबदारीवर लावतो. माझं नाक तसंही बसकंच आहे."

साहेबांना एवढ्यातही हसू फुटलं. "लावा. पण आवाज जरा कडक ठेवा."

पहिली घंटा पुरती वाजायच्या आत पलीकडच्या दुभाष्याने फोन उचलला. दोघांची भेट कधीच झाली नव्हती, पण आवाजाची ओळख जुनी होती.

"अहो भाऊ, होतात कुठे? इथे आमच्या साहेबांनी नखं खाऊन संपवली!"

कडक आवाज कुठल्या कुठे गेला. "पण आज पाळी तुमची ना?"

"आमची कशी? तिघांच्या हिशेबाने तुमची."

"आम्ही तिघांचा हिशेब पुढच्या आठवड्यापासून धरलाय."

"घ्या! म्हणजे दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. उद्या चौथा आला तर कसं व्हायचं हो?"

"त्याआधी मी निवृत्त होतो."

"वा! आणि मी कुणाशी बोलू?"

दुभाष्याने मान वळवून सगळं ठीक असल्याची खूण केली. साहेबांनी खुर्चीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि म्हणाले,

"आता त्या तिसऱ्यालाही लावा. तोही बिचारा वाट बघत बसला असेल."

बसलाच होता.