पाचवा ठिपका

दुर्गाबाईने बॅगेवर गुडघा टेकला आणि चेन ओढली. चेन अर्ध्यावर येऊन अडली. आत सातूच्या पिठाचा डबा होता, त्याचं झाकण वर येत होतं.

"आई, तो डबा राहू द्या," रश्मी म्हणाली. "पुण्यात भेटते सातूचं पीठ."

"भेटत असन. असं नाही भेटत."

सासूच्या आवाजाला दोन दिवसांपासून धार आली होती, हे रश्मीच्या लक्षात आलं होतं. ती परवाच पुण्याहून आली होती, पायलला न्यायला. पायल साडेतीन वर्षांची. दीड वर्षाची असल्यापासून ती इथे अमरावतीत दुर्गाबाईपाशीच वाढत होती, कारण तिचा मुलगा सुगत आणि सून रश्मी दोघेही पुण्यात नोकरीला, आणि अख्खा दिवस पोरीकडे बघायला तिथे कोणी नव्हतं. आता शाळेत नाव घातलं होतं. बघायला माणूसही मिळालं होतं. रश्मीची आई, जमुनाबाई, मे महिन्यात अकोल्याच्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. त्या अकोल्याला याच गाडीत चढणार होत्या.

दुर्गाबाईला जाता येण्यासारखं नव्हतं. मागच्या वर्षी तिच्या नवऱ्याला, मोतीरामला, लकवा मारला, तेव्हापासून त्याच्या सदऱ्याची बटणंही तीच लावून द्यायची. म्हणजे यात कोणाची चूक नव्हती आणि ते तिला चांगलं कळत होतं. कळलं म्हणून पोटात दुखायचं थोडंच थांबतं?

त्यात ती लाल बॅग. चाकांची, वर सशाचं चित्र असलेली, पायलच्या कमरेएवढी. अकोल्याच्या आजीने पार्सलने पाठवली होती. दोन दिवस पोरगी ती बॅग घरभर ओढत होती, स्वयंपाकघरातून दारापुढच्या ओट्यावर आणि ओट्यावरून मोतीरामच्या खाटेभोवती. दारावरून कोणी गेलं की हाक मारून दाखवायची. दुर्गाबाईने तिच्यासाठी आपल्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवली होती, आतून खिसा लावून. ती खुंटीवर तशीच लटकत होती.

"आबाजी, मी अकोल्याच्या आजीसंग गाडीत झोपणार हाय," पायल मोतीरामला सांगत होती.

"आन् आमची आजी?" मोतीरामने जड जिभेने विचारलं.

"ते घरी राहीन. तुले कोन जेवू घालन?"

मोतीराम हसला. दुर्गाबाईने डबा बाहेर काढला, आडवा केला आणि पुन्हा आत कोंबला. या वेळी चेन लागली.

"आई, मम्मीनं इचारलं होतं," रश्मी मोबाइल घेऊन खाली बसली. "पायलच्या सवयी सांगा बरं सगळ्या. लिहून घेते."

झालं. मास्तरीणच ती, तिला सगळं लिहूनच लागणार, असं दुर्गाबाईच्या मनात आलं. पण तिने सांगितलं. उठल्याबरोबर दूध दाखवायचं नाही, आधी पाणी द्यायचं. वरणाला फोडणी दिली तर ती ताट सरकवते. केस विंचरताना पहिल्यांदा बाहुलीचे विंचरावे लागतात. ताप यायचा असला की आदल्या दिवशी कान लाल होतात. रश्मी भराभर टाइप करत होती, आणि एकीकडे तिचा चेहरा उतरत चालला होता. यातलं निम्मं तिला ठाऊक नव्हतं.

"आन् झोपताना?"

दुर्गाबाईने डाव्या हातावरून पदर ओढून घेतला.

"थापटलं का झोपते."

"बस?"

"बस. अजून काय राह्यते लेकराचं?"

हे खोटं होतं.

तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर आतल्या अंगाला, गोंदणाचे पाच ठिपके होते. चार एका चौकोनात आणि पाचवा जरा लांब, कोपराकडे भरकटलेला. ती सात वर्षांची असताना तिच्या आजीने दर्यापूरच्या बाजारात गोंदणारणीपुढे बसवलं होतं, बापाला चोरून. बापाने धम्मदीक्षा घेतलेली, हे असले प्रकार आता घरात नकोत म्हणायचा. चार ठिपके तिने सोसले. पाचव्याला हात ओढला आणि सुई सरकली.

पायल रात्री या ठिपक्यांवरच झोपायची. अंधारात एकेका ठिपक्यावर बोट ठेवून मोजायची. चारपर्यंत गेली की पाचवा शोधत बोट वर सरकायचं, तो सापडला की "पाच" म्हणायची आणि मग हात सैल पडायचा. अंक ती अशीच शिकली होती. मोतीरामलाही हे माहीत नव्हतं. रश्मी सणावाराला यायची तेव्हाही पोरगी झोपायला आजीच्याच कुशीत शिरायची, त्यामुळे तिलाही कधी कळलं नाही.

आणि गोंदण काही बॅगेत भरता येत नाही. या विचाराने दुर्गाबाईला दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. रात्री पोरगी रडेल, अकोल्याच्या मॅडम थापटत बसतील, मोबाइलमधली यादी वर-खाली करून बघतील. बघू दे.

दुपारी मोतीरामचा भाऊ देवीदास त्याच्यापाशी येऊन बसला आणि या दोघी पायलला घेऊन निघाल्या. एकट्या रश्मीला सामान आणि पोरगी दोन्ही आवरणार नाही, म्हणून दुर्गाबाई अकोल्यापर्यंत सोबत जाणार होती. सुगतने तिचं तिकीट काढून पाठवलं होतं. डब्यात खालचा बर्थ जमुनाबाईंच्या नावाचा होता, त्यावरच ती बसली. अकोल्यापर्यंत तिचा, पुढे त्यांचा. बसल्या बसल्या हेही तिच्या मनात येऊन गेलंच.

"हे अकोला हाय?" बडनेऱ्याला पायलने विचारलं.

"नाही."

मूर्तिजापूरलाही विचारलं. दुर्गाबाईने तिला शेंगदाण्याचा लाडू दिला. तो अर्धा खाऊन, अर्धा लाल बॅगेच्या सशाला लावून पोरगी आजीच्या मांडीवर आडवी झाली. सकाळपासून ती उंडारतच होती. थोड्या वेळाने तिने सवयीने पदर बाजूला केला आणि आजीचा हात ओढून घेतला.

"एक... दोन... तीन..."

रश्मी समोरून पाहत होती. पाचवा सापडला आणि पोरीचा हात सैल झाला, तेव्हा ती हळूच म्हणाली,

"अशी झोपते व्हय ही?"

"खेळते अशीच," दुर्गाबाई म्हणाली आणि खिडकीकडे बघू लागली. रश्मीने मोबाइल हातात घेतला, पण लिहिलं काहीच नाही.

अकोल्याला गाडी दहा मिनिटं थांबणार होती. जमुनाबाई घाईने चढल्या. चष्मा नाकावर घसरलेला, एका खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात चित्रांच्या पुस्तकांनी भरलेली पिशवी.

"जयभीम, विहीणबाई."

"जयभीम. या, बसा."

रश्मी बाटल्या घेऊन पाणी भरायला खाली उतरली. दुर्गाबाईने झोपलेली पायल अलगद उचलून विहिणीच्या मांडीवर ठेवली. ठेवली म्हणजे ठेवावीच लागली. पोरगी किंचित जागी झाली, तिचा हात चाचपत जमुनाबाईंच्या हातावर गेला, खाली-वर फिरला. हात कोरा होता. तिचे ओठ वाकडे झाले.

"ठिपके," ती झोपेतच म्हणाली आणि मुसमुसायला लागली.

"काय मागते?" जमुनाबाईंनी विचारलं. त्या थापटायला लागल्या, पण ते थापटणं वहीवर शिक्का मारल्यासारखं होतं. पोरगी आणखीच रडायला लागली. दुर्गाबाई उभी होती. हेच बघायचं होतं ना तिला? मग बघताना बरं काहून वाटत नव्हतं, ते तिला कळेना.

"मले भेव वाटते, विहीणबाई," जमुनाबाई एकदम म्हणाल्या. "तुमाले म्हणून सांगते. रश्मी लहान होती तं मी दूर धारणीकडच्या शाळेवर. तिले माझ्या मायनंच वाढवलं. दुसऱ्याची पोरं शिकवली जिंदगीभर, पण लेकरू झोपवणं मले येतच नाही. रश्मीले हे बोलू नाही शकत मी. ते म्हणन, मंग येऊन काहून राहिली?"

दुर्गाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. चष्म्याच्या आत डोळे घाबरलेले होते.

तिने आपल्या डाव्या हातावरचा पदर मागे सारला.

"ह्याच्यावर झोपते ते. मोजते."

जमुनाबाई वाकून बघत राहिल्या. "माझ्या बापानं गोंदू नाही देलं आमाले," त्या म्हणाल्या. "माझी मावशी हिरवे हात घेऊन फिरे. लय वाटे मले, आपल्याले बी पाहिजे म्हणून."

"पेन हाय तुमच्यापाशी?"

मास्तरणीच्या पर्समध्ये पेन नसेल असं होतं का? निळं बॉलपेन निघालं. दुर्गाबाई खाली टेकली, विहिणीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि ठिपका काढला. घामाने पेन उठत नव्हतं, तिने पदराने हात पुसला आणि तो गिरवला. मग दुसरा, तिसरा. चौथ्यापर्यंत चौकोन पुरा झाला. पायलचं बोट आपसूक तिथे आलं.

"कितीक असतात?" जमुनाबाईंनी विचारलं.

पेन कोपराकडे वळलं होतं. तिथे कातडी गोरी आणि मऊ होती, उन्हातान्हात न राबलेली. दुर्गाबाईचा हात थांबला. सगळंच द्यायचं का? बर्थ दिला, पोरगी दिली, मांडी दिली.

"चार," ती म्हणाली आणि पेनला टोपण लावलं.

रश्मी बाटल्या घेऊन चढली तेवढ्यात गाडीची शिटी झाली. दुर्गाबाईने पायलच्या पायाला हात लावला आणि उतरली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून जमुनाबाई हात वर करून निरोप देत होत्या. हातावर चार ठिपके स्पष्ट दिसत होते.

दुसऱ्या दिवशी फोन आला, पण तो नुसता पोचल्याचा. तिसऱ्या दिवशी सुगत बोलला, शाळेच्या गणवेशाबद्दल. पोरगी रडते का, हे दुर्गाबाईने विचारलं नाही. तिला ते ऐकायचं होतं, आणि ऐकायची लाजही वाटत होती. रात्री मोतीरामला पाणी देऊन ती अंथरुणावर पडायची आणि पुण्यात आता पोरगी चारपर्यंत आली असेल, असं मनात धरून छताकडे बघत राहायची.

चौथ्या दिवशी दुपारी रश्मीचा फोन आला.

"कशी हाय पायल?"

"बरी हाय. त्या रात्री लय रडली गाडीत. भुसावळले उठली, मम्मीचा हात मोजला, आन् पुढं शोधू लागली. सापडेचना. मम्मी बिचारी तिले सांगे, चारच असतात बेटा, आजीनं चारच सांगतले. आयकेचना."

दुर्गाबाईच्या मांडीवरच्या सुपात तांदूळ निवडणारी बोटं थांबली.

"मंग?"

"मंग पायलनं मम्मीच्या पर्समधून पेन काढलं आन् स्वतःच ठिपका देला. म्हणे, अकोल्याच्या आजीचा एक राहून गेला. मोजले पाच आन् झोपली."

मग रश्मी म्हणाली, "मी गाडीत पाच आयकले होते, आई. मम्मीले सांगतलं, गाडी सुटली असन म्हणून राहिला."

दुर्गाबाई सुपातला एक खडा बोटाने इकडून तिकडे करत राहिली.

"आंघोळीनं जात असतीन ते," ती शेवटी म्हणाली.

"जातात ना. रोज काढा लागतात. चार मम्मी काढते. पाचवा पायल कोनालेच काढू देत नाही."

"कुठं काढते?"

"तुमचा हाय तिथंच. कोपराकडं, वाकडा. मम्मीनं एकदा सरळ काढून पाह्यला, तं पुसून टाकला तिनं."

फोन ठेवल्यावर खाटेवरून मोतीरामने विचारलं, "काय म्हणे रश्मी?"

"काही नाही. झोपते म्हणे पोरगी बराबर."

खुंटीवरची लुगड्याची पिशवी काढून तिने झटकली आणि तिच्यात निवडलेले तांदूळ भरले. मग भिंतीला टेकून बसली. उजव्या हाताचं बोट तिने डाव्या हातावर ठेवलं आणि हळूहळू मोजलं, चारपर्यंत. पाचव्यावर ते बराच वेळ टेकून राहिलं.