भुरीला घातलेला रस्सा

मित्रांनो, औशाच्या बाजारात तारामतीने मला बोटाने वाजवून घेतले तेव्हा मी आरशासारखे चमकत होते. आता मी काठ चेपलेले, काळवंडलेले एक जुने जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, वाडगे आहे.

गावी माझ्यात ताक असे, कधी भिजलेली डाळ. मग भूकंप झाला. दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. तारामतीचा नवरा आणि लेक त्यांच्याखाली गेले. लोकांनी ढिगारा उपसला तेव्हा मी निघाले आणि मांजराचे एक राखी पिल्लूही जिवंत निघाले. तारामतीने त्याला पदरात घेतले. तीच भुरी. तारामतीचे म्हणावे असे एवढेच उरले.

पत्र्याच्या शेडमध्ये राहताना भाकरीसाठी रांगेत उभे राहावे लागे. तेव्हापासून तिला अन्न टाकवत नसे. पुढे ती लातूरला आली. शिकवण्यांसाठी गावोगावची मुले तिथे येऊ लागली होती. तिने खाणावळ काढली. ताटांत उरलेले ती माझ्यात निपटी आणि भुरीपुढे ठेवी.

"मुक्या जिवाच्या मुखी लागलं म्हंजी वाया गेलं न्हाई," असे ती म्हणे.

एका रविवारी मटणाचा रस्सा बराच उरला. कांदा, लसूण, काळा मसाला, वर तर्री. भुरीने तो चाटून खाल्ला. मग ती मान झटकू लागली, पंजाने तोंड घासू लागली, लाळ गाळू लागली. किनवटहून डॉक्टरकीच्या तयारीसाठी आलेली ऋतुजा हसली.

"मावशी, तुमच्या लेकीला तिखट झेपून नाही राहिलं."

"भूकंपातून निघालेली हाय ती. रश्शाला भेती व्हय?"

तारामतीने माझ्यात दूध ओतले, त्यात तूप सोडले. भुरी ते प्याली आणि शांत झाली. तिखट उतरले, असे सगळ्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उष्ट्या भाजीने भरले.

पण भुरी उठेना. तिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी लाल होऊ लागली. तारामती म्हणाली, "कुणाची तरी दीठ लागली." तिने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि वाट पाहिली. भुरीला धाप लागली तेव्हा ती तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात धावली. औषध चाटवता येईल म्हणून तिने मलाही सोबत घेतले.

"काय खायला घातलं होतं?" डॉक्टरांनी विचारले.

"आमी खातो तेच. रस्सा, भाजी."

"तिखटाची आग थांबते, बाई. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातच बिघाड करतो. खाल्लं तेव्हाच आणायला पाहिजे होतं."

"पर मी दूध पाजलं की, साहेब."

डॉक्टरांनी सलाईन लावले.

पुढे ऋतुजाने एक पिल्लू आणले. तारामतीने त्याला हातसुद्धा लावला नाही. "ने बाई. माझ्यापाशी जीव टिकत न्हाई," एवढेच ती म्हणाली. आता मी मोरीजवळ पालथे पडून असते.

मित्रांनो, मांजराने आपल्या ताटातले तिखट खाल्ले तर उरलेले लगेच उचला. पुढे स्वच्छ पाणी ठेवा. दूध-तूप पाजू नका, ओकारी काढायला जाऊ नका. मांजर शांत झाले तरी त्यावर विसंबू नका. त्यात कांदा-लसूण असेल तर तसे सांगून त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. तारामतीला हे उमगले तेव्हा सलाईन अर्धे उरले होते आणि तिच्या मांडीवरची भुरी गार पडली होती.